सूर्याकडे पाठ

"खिडकीत? मी? कुणाच्या खिडकीत?"

चष्मेवाला एवढ्या जोरात ओरडला, की दारात उभा असलेला सोसायटीचा सचिव एक पायरी खाली उतरला. सचिव विम्याची कामं करायचा. लोकांनी तोंडावर दार आपटणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण इथे दार उघडंच होतं आणि आदळआपट माणूस करत होता, त्यामुळे त्याला निघता येईना.

"माझ्यावर कशाला ओरडता, काका? मी नुसता निरोप घेऊन आलोय," तो म्हणाला. "समोरच्या विंगमधल्या हेडबाईंनी तक्रार केलीय. तुम्ही रोज सकाळी गच्चीवर दुर्बीण लावून त्यांच्या खिडकीत बघता म्हणे. आणि..."

"आणि काय? अर्धवट सोडू नकोस!"

"आणि त्यांचं चित्र काढता."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. चष्मेवाल्याची बायको दारापर्यंत आली. तिने नवऱ्याकडे बघितलं, सचिवाकडे बघितलं, आणि ती परत आत गेली. नळ पुन्हा सुरू झाला, पण आता भांडी जरा जोरात वाजत होती.

"रविवारी कमिटी गच्चीवर येणार आहे, पाहणी करायला," सचिवाने घाईघाईने उरकलं. "तुमचं म्हणणं तिथे मांडा. अध्यक्षांना पटलं तर ठीक, नाहीतर गच्चीची किल्ली परत द्यावी लागेल."

"म्हणणं कसलं मांडायचंय त्यात? सूर्य बघतो मी! सूर्य! तो काय तुमच्या कमिटीला विचारून उगवतो का?"

पण सचिव तोवर जिना उतरला होता.

चष्मेवाल्याला राग यायला कारण लागायचं नाही, हे त्याच्या दुकानात एकदा पाऊल टाकलेल्या कुणालाही माहीत होतं. गिऱ्हाइकाने स्वस्तातली फ्रेम मागितली की तो चिडायचा. महागातली मागितली तर जास्त चिडायचा, कारण मग ती त्याच्या तोंडावर शोभणार नाही हे समजावून सांगावं लागायचं. दुकानाची दोन शटरं उघडण्याआधीची सकाळ मात्र त्याची स्वतःची होती. तेव्हा तो आपली दुर्बीण काखोटीला मारून गच्चीवर जायचा आणि सूर्यावरचे डाग शोधायचा.

आता सूर्याकडे दुर्बिणीतून थेट बघायचं नसतं, डोळा जागच्या जागी जातो. चष्मेवाला हे जगाला ओरडून सांगायचा, कुणी विचारलेलं नसलं तरी. योग्य रीत अशी, की दुर्बिणीचं मोठं भिंग सूर्याकडे रोखायचं, आपण सूर्याकडे पाठ करायची, आणि मागच्या बारीक टोकातून बाहेर पडणारा उजेड एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्यायचा. पुठ्ठ्यावर बशीएवढं सूर्यबिंब उमटतं. त्यावर डाग असेल तर काळा ठिपका दिसतो. मग पुठ्ठ्यावर कागद लावून तो ठिपका पेन्सिलीने जागच्या जागी टिपायचा. एवढंच.

यातली ग्यानबाची मेख चष्मेवाल्याच्या कधी ध्यानात आली नव्हती. सकाळी सूर्य पूर्वेला. म्हणजे याची पाठ पूर्वेला आणि तोंड पश्चिमेला. दुर्बिणीचं बारीक टोकही पश्चिमेला, किंचित खाली झुकलेलं. आणि पश्चिमेला, पुठ्ठ्याच्या बरोबर पलीकडे, समोरच्या विंगच्या वरच्या मजल्यावर हेडबाईंची खिडकी होती. तिथून बघणाऱ्याला काय दिसत असेल? एक माणूस रोज सकाळी येतो, नळी आपल्याकडे रोखतो, वाकून वाकून बघतो, आणि हातात पेन्सिल घेऊन काहीतरी रेखाटतो.

त्यात भर म्हणजे सूर्याने दगा दिला होता. सूर्यावरचे डाग काही वर्षं वाढत जातात, मग काही वर्षं कमी कमी होत पार नाहीसे होतात, आणि पुन्हा नव्याने उगवायला लागतात. सध्या नाहीसे व्हायचा काळ चालू होता. कित्येक महिने सूर्य कोरा करकरीत होता. हौशी निरीक्षकांच्या मंडळातले बाकीचे लोक कंटाळून रात्रीच्या तारकांकडे वळले, पण चष्मेवाला हट्टाला पेटला. नव्या फेरीतला पहिला डाग ज्या सकाळी उमटेल, त्या सकाळी तो आपणच टिपायचा, असं त्याने ठरवलं होतं. डाग एवढा लांबणीवर टाकणाऱ्या सूर्याचा त्याला गिऱ्हाइकाइतकाच राग येऊ लागला होता. आणि आता, कधीही तो डाग येईल अशी वेळ आली असताना, ही बया त्याच्या गच्चीची किल्ली काढून घ्यायला निघाली होती. त्याच्या घराच्या एकाही खिडकीतून सूर्य दिसत नव्हता.

"तू काही बोलत का नाहीस?" त्याने बायकोला विचारलं.

"काय बोलू?"

"हेच, की मी तसला माणूस नाही म्हणून!"

"तुम्ही कसले आहात ते मला चांगलं माहितीय," बायको म्हणाली, आणि यातून काय समजायचं हे न कळल्यामुळे तो दिवसभर दोन्ही कर्मचाऱ्यांवर डाफरत राहिला.

रविवारी सकाळी कमिटी गच्चीवर आली. अध्यक्ष पूर्वी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते; अजूनही कुठेही शिरताना आधी कोपरे तपासायचे. त्यांनी पाण्याच्या टाकीमागे डोकावून घेतलं. सचिव त्यांच्या मागे उभा राहिला. शेवटी हेडबाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी त्या दिसल्या की अख्खी सोसायटी खिशातले हात बाहेर काढायची. अध्यक्षांनीही काढले.

"हे बघा," हेडबाईंनी दुर्बिणीकडे बोट दाखवलं, "याचं तोंड सरळ माझ्या खिडकीकडे आहे."

"ते तोंड नाही!" चष्मेवाला उसळला. "ते बूड आहे!"

"भाषा सांभाळा."

"अहो, पण बुडाला बूड नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तोंड तिकडे आहे, वर, सूर्याकडे!"

अध्यक्षांनी दुर्बिणीभोवती एक फेरी मारली. "बंदुकीचं कसं असतं," ते विचार करत म्हणाले, "जाड बाजू आपल्याकडे आणि बारीक बाजू सावजाकडे."

"ही बंदूक नाही!"

"सध्या नाही," अध्यक्ष म्हणाले.

चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याने दात आवळले आणि दुर्बीण सूर्यावर आणली. पुठ्ठ्यावर पांढरं लख्ख बिंब उमटलं. सुबक, गोल, आणि साफ कोरं. त्याने डोळे फाडफाडून बघितलं. आजच्या दिवस, निदान आजच्या एका दिवसासाठी, एखादा टाचणीच्या टोकाएवढा डाग दाखवायला या सूर्याचं काय जात होतं?

"हा सूर्य," तो म्हणाला. "मी यावरचे डाग बघतो."

तिघंही पुठ्ठ्यावर वाकली.

"कुठे आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाहीयेत."

"आज नाहीयेत?"

"आज नाहीत, काल नव्हते. गेले कित्येक महिने नाहीत."



"मग तुम्ही रोज वर येऊन बघता काय?"

"डाग नाहीत हे बघतो!"

"ते एकदा बघितलं की कळत नाही का?"

"उद्या आला तर?"

"आणि चित्र? चित्र कसलं काढता?"

"नाहीत त्याचंच!" चष्मेवाल्याने कागदांचा गठ्ठाच त्यांच्यापुढे धरला. प्रत्येक कागदावर एक वर्तुळ होतं, खाली तारीख होती, आणि आत काहीही नव्हतं.

सचिवाने मान तिरकी करून एक कागद बघितला. "चेहऱ्याचा बाहेरचा आकार आधी काढून घेतात ना," तो हळूच म्हणाला. "डोळे, नाक नंतर भरतात."

"शाळेत मुलं सापडली की हेच सांगायची," हेडबाई म्हणाल्या. "बाई, मी अजून काढायला सुरुवातच केली नव्हती."

"मला तुमचं तोंड काढायचं असतं तर मी एवढं गोल काढलं असतं का?" चष्मेवाला किंचाळला, आणि या वाक्याने आपली बाजू बळकट झालेली नाही हे त्यालाही कळलं.

"सरका, मी स्वतः बघतो," असं म्हणून अध्यक्षांनी बाह्या सावरल्या आणि बारीक टोकाला डोळा लावायला ते खाली वाकले.

चष्मेवाल्याने झेप घेतली. त्याने अध्यक्षांची कॉलर मागून धरली आणि त्यांना एवढ्या ताकदीने खेचलं, की त्यांच्या शर्टचं वरचं बटण तुटून टाकीपर्यंत घरंगळत गेलं.

"डोळ्याचा कोळसा झाला असता!" तो ओरडला.

"तुम्ही माझ्या कॉलरला हात घातलात," अध्यक्ष धीम्या आवाजात म्हणाले. कारखान्यात ते कुणाला हाकलायच्या आधी याच आवाजात बोलत असत.

"डोळा वाचवला मी तुमचा!"

"तीस माणसं होती माझ्या हाताखाली. कुणाची हिंमत झाली नव्हती."

"त्यातल्या कुणी सूर्याला डोळा लावला होता का?"

"शांत व्हा, शांत व्हा," सचिव मधे पडला, आणि मग थबकून हुंगायला लागला. "काहीतरी जळतंय का?"

जळत होती ती अध्यक्षांची बाही. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर बोटभर लांबीची आणखी एक दुर्बीण असते, मोठीला नेम धरून देणारी. सूर्य बघताना तिला आठवणीने टोपण लावायचं असतं. चष्मेवाला हेही जगाला ओरडून सांगायचा. आज रागाच्या भरात तो नेमकं तेच विसरला होता. अध्यक्ष कमरेवर हात ठेवून तिच्या मागे उभे राहिले होते, आणि त्यांच्या निळ्या बाहीतून धुराची बारीक रेघ वर चढत होती.

सचिवाने टाकीच्या नळाखालचं डबडं उचलून अध्यक्षांच्या अंगावर रिकामं केलं. बाहीवर नाण्याएवढं भोक राहिलं. भोकाभोवती काळी कड होती. चष्मेवाल्याचे कान लाल झाले. पण दुसऱ्याच क्षणी त्याच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

"बघा! जळली! जळली की नाही?" तो आनंदाने ओरडला. "खिडकीतल्या उजेडाने बाही जळते का कधी? सूर्याकडेच आहे दुर्बीण! झालं ना सिद्ध?" भिजलेल्या अध्यक्षांच्या तोंडासमोर आपण टाळ्या वाजवतोय, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"आज सूर्याकडे आहे," हेडबाई म्हणाल्या. "आज आम्ही येणार हे ठाऊक होतं. तपासणी असली की कॉपी करणारं पोरसुद्धा ताठ बसतं."

अध्यक्षांनी ओला हात पुढे केला. किल्लीसाठी. चष्मेवाल्याने खिशावर हात दाबून धरला. 

"साहेब, एक मिनिट."

जिन्याच्या दारात त्याची बायको उभी होती. एवढ्या वर्षांत ती सूर्य बघायला कधी गच्चीवर आली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं.

"हे खिडकीत बघत नव्हते," ती म्हणाली.

"वहिनी, सगळ्या बायका असंच म्हणतात," अध्यक्ष म्हणाले.

"हे फार चांगले आहेत असं कुठे म्हणतेय मी? ह्यांना समोरचं दिसत नाही, एवढंच म्हणतेय. विचारून बघा. अहो, डोळे मिटा."

"मी का मिटू?"

"मिटा म्हणते ना!"

चष्मेवाल्याने डोळे मिटले. अध्यक्षांच्या अंगात जुना सुरक्षा अधिकारी संचारला. "समोरच्या खिडकीचे पडदे कुठल्या रंगाचे आहेत?"

"कुठली खिडकी?"

"तुमच्या पुठ्ठ्याच्या पलीकडे. बरोबर समोर."

"तिथे भिंत आहे."

सचिव खोकला.

"भिंत?" हेडबाई म्हणाल्या.

"भिंतच. असेल एखादी खिडकी, मला काय करायचंय?"

"त्या खिडकीत मी रोज सकाळी बसते. खुर्ची टाकून."

"बसत असाल."

"पडदे आधी लाल होते!" हेडबाईंचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा चढला. "ते बदलून मी निळे लावले. फुलांची कुंडी आणून ठेवली. रोज सकाळी केस नीट विंचरून..." त्या एकदम थांबल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "वाचायला तिथे उजेड चांगला येतो," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या टाकीकडे बघू लागल्या.

"अजून डोळे उघडू नका," बायको म्हणाली. "माझ्या चष्म्याची फ्रेम सांगा."

"काळी, गोल," चष्मेवाला तुच्छतेने म्हणाला. चष्म्याच्या बाबतीत त्याची परीक्षा घ्यायची? "मीच दिलीय. आपल्या दुकानातली."

"आता उघडा."

त्याने डोळे उघडले. बायकोच्या नाकावर तपकिरी, चौकोनी फ्रेम होती. तो एक पाऊल पुढे सरकला. डावी दांडी कानामागे नीट बसत नव्हती.

"हा चष्मा... हा कुठला?"

"बसस्टॉपसमोरच्या दुकानातला."

"त्या भामट्याकडचा?" चष्मेवाल्याचा आवाज फाटला. "त्याच्याकडचा चष्मा माझ्या घरात? कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. नंबर बदललाय म्हणून तुमच्या मागे लागले होते. दर वेळी तुमचं आपलं उद्या बघू, उद्या बघू. शेवटी मीच दुकानात आले तुमच्या. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'बसा ताई, तुमची पाळी आली की बोलावतो.' बसले तासभर. मग गेले त्याच्याकडे."

सचिवाने तोंडावर हात धरला. अध्यक्षांनी कपाळावरचं पाणी निपटलं, एकदा या माणसाकडे आणि एकदा त्याच्या बायकोकडे बघितलं, आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

"किल्ली असू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. "या माणसाने कुणाकडे बघितलेलं नाही. याची तेवढी कुवतच नाही. तक्रार निकालात काढा. बाहीचं मी वेगळं बघतो."

निर्दोष सुटलेल्या माणसाला जेवढं हलकं वाटायला हवं, तेवढं चष्मेवाल्याला वाटलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. लंपट ठरलो असतो तरी निदान नजर शाबूत आहे असं लोक म्हणाले असते. आता सोमवारी दुकानात कुठल्या तोंडाने बसायचं? तिकडे हेडबाईही जिंकल्यासारख्या दिसत नव्हत्या. जिना उतरता उतरता त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू येत होता. "भिंत म्हणे! भिंत!"

 त्या रात्री त्याने दोनदा त्या भामट्याच्या भिंगांबद्दल वाईट काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा बायकोने दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुसफुसतच गच्चीवर गेला. छोट्या दुर्बिणीला टोपण लावलं, मोठी सूर्यावर आणली, पुठ्ठा लावला, कागद लावला, आणि रोजच्यासारखी सूर्याकडे पाठ केली. आणि रोजच्यासारखं खाली बघण्याआधी त्याने समोर बघितलं.

खिडकी होती. चांगली मोठी खिडकी होती. पडदे निळे होते, कुंडीत पिवळी फुलं होती. खुर्चीही होती, पण ती आज उलटी फिरवलेली होती. हेडबाई ताठ मानेने, त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

हे बघून चष्मेवाल्याचं डोकं फिरलं. पाठ? मला पाठ दाखवता? चोवीस तास बसा की तशाच, मला काय! एवढं मनात म्हणून त्याने पुठ्ठ्याकडे वळायला हवं होतं. पण तो बघत राहिला. बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं. आता मागे वळून बघतील, असं त्याला वाटलं. वळल्या नाहीत. मुद्दाम करतायत. किती वेळ करतात तेच बघतो. त्याने कठड्यावर कोपरं टेकली. केसांत काहीतरी माळलंय का? नीट दिसावं म्हणून तो जरा पुढे वाकला. बाईंनी मान थोडीशी, अगदी थोडीशी कलती केली. हां! आता वळणार!

"अहो."

तो दचकून सरळ झाला. मागे बायको उभी होती. कधी आली, किती वेळ उभी होती, काही कळायला मार्ग नव्हता. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती पुठ्ठ्यावर वाकली होती.

"हे कडेला काळं काय आलंय?"

"कुठे? पडद्याला?"

"तुमच्या सूर्याला."

चष्मेवाला धावला. बिंबाच्या कडेशी, अगदी आत शिरता शिरता थांबल्यासारखा, एक काळाभोर ठिपका होता. त्याच्याभोवती करडी झालर होती आणि शेजारी त्याचंच एक पिल्लू. त्याने दुर्बिणीला बोटाने हलकासा धक्का दिला. बिंब सरकलं, तसा ठिपकाही बिंबाबरोबर सरकला. धूळ नव्हती. खराखुरा, पहिला, नव्या फेरीतला डाग होता. महिनोन्‌महिने तो याच सकाळची वाट बघत होता.

"केव्हा दिसला तुला?" त्याने कसंबसं विचारलं.

"मगाशीच. म्हटलं तुम्हाला दिसला असेल." बायकोने त्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि वर्तुळाच्या आत, अगदी बरोबर जागी, तो ठिपका भरला. पिल्लूही भरलं. मग कागद लांब धरून पाहिला. "पहिल्यांदा ज्याला दिसला त्याचं नाव खाली लिहितात ना हो?"

"हो."

"मग माझं लिहा." तिने पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि कठड्यापलीकडे एक नजर टाकली. "आणि तुम्ही इतका वेळ तिकडे काय बघत होता?"

एरवी असं कुणी विचारलं असतं तर त्याने गच्ची डोक्यावर घेतली असती. आता तो खाली बसला, कागद मांडीवर घेतला, आणि वर न बघता बायकोचं नाव लिहू लागला.